किल्लेदाराच्या मुलीचं भाषण

ट्रॉय, मिशिगन
१० ऑक्टोबर १९८२

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून वरची जागा मोकळी सोडली आहे. तुमचं नाव मी कधी घेतलं नाही. आता पासष्टाव्या वर्षी कागदावर घ्यायलाही हात धजत नाही.

दिगंबरचं पत्र परवा आलं. तुम्हाला श्रावणात अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, असं त्यानं लिहिलं आहे. ऐकू येतं आणि समजतं, असं मिरजेचे डॉक्टर म्हणतात म्हणे. माझा पत्ता मिळवायलाच त्याला महिना लागला. म्हणजे मी इथे भाजी चिरत होते, टीव्ही बघत होते, तेव्हा तुम्ही आडवे होतात आणि मला काही माहीत नव्हतं.

हे पत्र दिगंबर तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणार. नवऱ्याला लिहायचं आणि पुतण्यानं वाचायचं, हा प्रकार मला जमेलसा वाटत नाही. दिगंबर, तुला मी पाहिलं तेव्हा तू रांगत होतास. आता बायकामुलांचा असशील. तरी काकूचं ऐक. जिथे मी ‘गाळ’ म्हणेन तिथे गाळत जा.

पाच वर्षांपूर्वी सांगलीला माझा भाऊ वारला आणि संजीवनं मला इकडे आणलं. तो मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. सून प्रतिमा दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. दोघंही मला जपतात. घर मोठं आहे, पुढे-मागे हिरवळ आहे, पण दार उघडून बाहेर पडलं तरी चालत जाण्यासारखं काही नाही. दुकान, देऊळ, माणूस, सगळं मोटारीच्या अंतरावर. संजीव ड्राइव्ह करेल तेव्हा मी जाणार, तो थांबेल तिथे उतरणार.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. नात दीपा अ‍ॅन आर्बरला कॉलेजात आहे. तिची एक प्रोफेसर बाई आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली शोकान्त नाटकं ती शिकवते. गोऱ्यांच्या मंडळ्यांनी ती नाटकं बोटीतून हिंदुस्थानात, सिलोनात, आफ्रिकेत कशी नेली, छावण्यांत कशी केली आणि मग तिथल्या लोकांनी ती आपल्या भाषेत घेऊन त्यांचं काय केलं, असा त्या बाईचा विषय आहे. गेल्या रविवारी दीपा घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर एका नाटकाची गोष्ट सांगू लागली. समुद्रातला किल्ला. कडक शिस्तीचा किल्लेदार. त्याची मुलगी फाशीच्या कैद्यासाठी दरवाजा उघडते. न्यायाच्या आसनावर बापच बसलेला. तो मुलीला तीच शिक्षा देतो.

माझ्या हातात पोळी होती. मी ती तशीच धरून म्हणाले, ‘समुद्र माझ्या शब्दावर मागे सरत नाही, मुली, मग मी तुझ्या आसवांनी कसा सरू?’

तुमचं वाक्य. तुमच्या पट्टीत.

दीपा बघतच राहिली. ‘आजी, हाऊ डू यू नो धिस?’

मी तोंड उघडणार तेवढ्यात संजीव म्हणाला, ‘आईला नाटकं बघायचा नाद होता पूर्वी. आई, भात वाढ दीपाला.’

मी भात वाढला.

सुलभा

२८ नोव्हेंबर १९८२

दिगंबरचं उत्तर मिळालं. मागचं पत्र वाचताना तुम्ही डोळे मिटले नाहीत, असं तो लिहितो. तुम्हाला राग आला की बरं वाटलं हे त्याला कळत नाही. मला तरी इतक्या लांबून काय कळणार.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला दीपा चार दिवस घरी होती. आल्या आल्या माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. म्हणाली, ‘आजी, ट्रुथ सांग. तू बघायची नाही. तू करायची.’

मी सांगितलं. काय लपवायचं? त्याच नाटकाच्या मराठी ‘न्यायदुर्ग’मधली किल्लेदाराची मुलगी मी बारा वर्षं केली आणि किल्लेदार तुझे आजोबा करायचे. कंपनीही त्यांचीच होती. तिला वाटलं होतं तिचे आजोबा हेडमास्तर होते आणि तिच्या जन्माआधी वारले.

दिगंबर, इथून पुढचा भाग गाळ. खूण करते तिथपर्यंत.

मी इथे कपाळ मोकळं ठेवते. संजीवनं अमेरिकेत आल्यापासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की वडील नाहीत. मला हे ठाऊक नव्हतं. डेट्रॉइटच्या विमानतळावर प्रतिमा मला बाथरूममध्ये घेऊन गेली आणि हलकेच म्हणाली, ‘आई, प्लीज, ह्यांनी सगळ्यांना तसं सांगितलंय. बाहेर महाराष्ट्र मंडळातले लोक आलेत रिसीव्ह करायला.’ वाईट नाही हो ती. मी कागदाच्या रुमालानं कुंकू पुसलं. बाहेर मंडळाच्या शरयूताई फुलं घेऊन उभ्या होत्या. प्रवासात दमलेय म्हणून माझे डोळे लाल झालेत, असं त्यांना वाटलं.

खूण. दिगंबर, आता वाच.

दीपानं तिचं पुस्तक दाखवलं. इंग्रजी मला अडखळत वाचता येतं, पण शेवटचा प्रवेश मी बोट ठेवून ठेवून वाचला. तुम्हाला सांगते, त्यांच्या नाटकात मुलगी बोलतच नाही! बाप शिक्षा सुनावतो, ती मान खाली घालते, शिपाई तिला घेऊन जातात आणि पडदा. माझं ते सगळं भाषण आपल्या कंपनीच्या मास्तरांनी नाटक मराठीत आणताना रचलं होतं. मला आजवर वाटत होतं विलायतेतली मुलगीही तेच म्हणत असेल.

‘बाबा, दरवाजा मी उघडला, कारण तो लावला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.’

दीपानं हे वाक्य तीन-चारदा म्हणवून घेतलं. मग मी तिला छावणीतल्या प्रयोगाचं सांगितलं. संस्थानी गावांत आपण भाषणासकट नाटक करायचो आणि इंग्रजी हद्दीत भाषण गाळून, कारण परवान्यावर तशी अटच होती. बेचाळीसच्या साली, सगळीकडे धरपकड चालू असताना, छावणीच्या थिएटरात पुढच्या रांगेत गोरे अधिकारी बसले होते आणि मागे आपले लोक. तुम्ही शिक्षा सुनावलीत. मला मान खाली घालायची होती. मी घातली नाही. मला अजूनही सांगता येत नाही तसं का झालं. मी बोलायला लागले. विंगेत पडदेवाल्यानं दोर धरला होता, त्यानं तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही आसनावरूनच त्याला हात करून थांबवलंत. माझं शेवटचं वाक्य होईपर्यंत पडदा पडला नाही. मागचे लोक उभे राहिले होते.

परवाना तुमच्या नावावर होता. तुम्ही चार महिने आत गेलात. बाहेर आल्यावर एका शब्दानं मला कधी विचारलं नाहीत, की तू असं का केलंस.

दीपा रडली. मग तिनं टेपरेकॉर्डर आणला आणि ते भाषण माझ्याकडून म्हणवून घेतलं. कॅसेट पार्सलानं पाठवते आहे. शेजारीपाजारी कुणाकडे यंत्र असेल तर दिगंबरनं तुम्हाला ऐकवावी. आवाज आता फाटतो. वरच्या पट्टीत जाऊ नको म्हणून तुम्ही सांगायचात, तशीच खाली राहून म्हटलं आहे.

संजीवला मी म्हटलं, ‘मला एकदा मिरजेला जाऊन येऊ दे.’

तो गॅरेजमध्ये बर्फ काढायची फावडी लावत होता. म्हणाला, ‘आत्ता विंटरमध्ये कुठे? आणि तिथे बघणार कोण तुला?’

‘मला कुणी बघायला नको. मला त्यांना बघायचंय.’

‘आई, तो माणूस माझ्यासाठी सेहेचाळीस सालीच संपला. तू मला घेऊन सांगलीला आलीस तेव्हा एक कार्ड टाकलं का त्यांनी? मी रोज पोस्टमनच्या मागे जायचो.’

मुलाला शाळा हवी म्हणून मी कंपनी सोडली, आणि वीस माणसं तुमच्यावर अवलंबून होती म्हणून तुम्हाला ती सोडता आली नाही. तुम्हाला वाटलं मी टाकून गेले. मला वाटलं तुम्ही न्यायला याल. दोघांचंही चुकलं नाही आणि मधल्यामध्ये पोरगं पोस्टमनच्या मागे पळत राहिलं.

सुलभा

१६ जानेवारी १९८३

कॅसेट पोचली हे कळलं. डॉक्टरांच्या कंपाउंडरनं त्याचं यंत्र आणून लावलं, तुम्ही संपूर्ण ऐकलीत आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं, असं दिगंबर लिहितो. ते वाचून दोन दिवस मला अन्न गोड लागलं. मग मंडळाच्या संक्रांतीला एक डॉक्टर भेटले, त्यांना मी सहज विचारलं. ते म्हणाले, ‘काकू, पॅरॅलिसिसमध्ये डोळ्यांतून पाणी तसंही येतं. रडणंच असतं असं नाही.’

मी कशाला विचारलं त्यांना?

इथली बातमी चांगली नाही. संजीवची नोकरी गेली. मोटारींचा धंदा बसला आहे, त्याच्या खात्यातल्या अर्ध्या लोकांना ले-ऑफ दिला. दहा तारखेला तो दुपारीच घरी आला, हातात खोका, त्यात टेबलावरचे फोटो आणि एक झाडाची कुंडी. प्रतिमा कामावर होती. मी एकटीच होते. त्यानं खोका ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, ‘आई, चहा करतेस?’ मी चहा केला. त्यानं तो प्यायला नाही. सातासमुद्रापलीकडच्या देशात सेहेचाळीस वर्षांचा मुलगा समोर बसलेला आणि मला त्याच्यासाठी चहाखेरीज काही करता येत नव्हतं.

आता मिरजेचं नाव मी काढत नाही. कसं काढणार? रोज तो पेपरातल्या जाहिरातींवर पेनानं गोल करतो, फोन करतो, आणि फोन ठेवताना ‘थँक यू’ म्हणतो. त्याचं ते थँक यू ऐकवत नाही.

दिगंबर, एवढं गाळ: तुला त्यांना कुशीवर वळवावं लागतं, पुसावं लागतं, हे तू लिहिलंस. ते माझं काम आहे रे. इथे मी रिकाम्या हातांनी बसले आहे आणि माझं काम तू करतो आहेस.

दीपाच्या प्रोफेसर बाईनं कॅसेट ऐकली. फेब्रुवारीत त्यांचा कॉलेजात कार्यक्रम आहे. शेवटचा प्रवेश आधी मूळ इंग्रजीत होईल, मुलगी गप्प. मग तोच प्रवेश पुन्हा, आणि या खेपेला मुलगी मी. मी दीपाला म्हटलं, ‘अगं, पासष्ट वर्षांची मुलगी कुठे असते?’ तर म्हणाली, ‘आजी, इट्स युअर स्पीच. दुसरं कोण करणार?’

संजीवला तिनं फक्त ‘आजी नाटकाबद्दल बोलणार आहे’ एवढंच सांगितलं आहे. मीही तेवढ्यावर गप्प राहिले. तो कुणाला नको म्हणण्याच्या मनःस्थितीत नाही, आणि मला त्याचं ‘नाही’ ऐकायचं नाही.

सुलभा

२७ फेब्रुवारी १९८३

काल कार्यक्रम झाला. आठवडाभर बर्फ होतं. संजीवनं आम्हाला नेलं. सोबतीला म्हणून प्रतिमानं शरयूताईंना आणि त्यांच्या यजमानांना घेतलं होतं. त्यांना हिंदुस्थानावरचा काहीतरी कार्यक्रम आहे एवढंच ठाऊक.

हॉल लहान होता. स्टेज म्हणजे नुसता लाकडी चौथरा. पडदा नाही, विंगा नाहीत. साठेक माणसं असतील, बहुतेक विद्यार्थी, पाय पसरून बसलेले. तुमची भूमिका करायला एक उंच गोरा मुलगा होता. बिचारा घाबरला होता. इंग्रजीतला प्रवेश झाला. त्या मुलीनं मान खाली घातली आणि गेली. टाळ्या पडल्या.

मग दीपा पुढे आली. तिनं इंग्रजीत सांगितलं की हे नाटक इंग्रजांच्या राज्यात गावोगाव झालं, साहेबांनी ते न्यायाचं नाटक म्हणून पाहिलं आणि आमच्या लोकांनी त्या मुलीचं. मग म्हणाली, ‘धिस इज माय ग्रँडमदर, सुलभा. माय ग्रँडफादर प्रल्हाद वेंट टु जेल सो शी कुड फिनिश धिस स्पीच. ही इज एटी-वन. ही लिव्ह्ज इन मिरज.’

मी खाली पाहिलं. शरयूताईंची मान माझ्याकडून संजीवकडे वळली आणि परत माझ्याकडे, माझ्या कपाळाकडे आली. प्रतिमानं डोळे मिटले होते. संजीव समोर बघत होता. तोंडावर काहीच नव्हतं.

त्या मुलानं शिक्षा सुनावली. इंग्रजीत. मी मान वर ठेवली आणि सुरुवात केली.

‘बाबा, दरवाजा मी उघडला, कारण तो लावला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तुमचा कायदा मला पाठ आहे. लहानपणी तुम्ही तोच म्हणून मला निजवायचात...’

पुढचं आलं नाही.

इतकी वर्षं रोज मनात म्हटलेलं भाषण, कॅसेटवर घडाघडा म्हटलेलं, आणि माझ्यासमोर पांढरी भिंत. नाटकात तिथे तुम्ही आसनाचा हात घट्ट धरायचात. लाकूड करकरायचं. त्या आवाजावर माझं पुढचं वाक्य यायचं. हे मला आजवर माहीतच नव्हतं. तो गोरा मुलगा हात बांधून उभा होता. त्याला काय माहीत.

मी उभी राहिले. लोकांना वाटलं असेल की हाच अभिनय आहे. दीपाचा चेहरा पांढरा पडला. मराठी कळणारी चार-पाच माणसं हॉलमध्ये होती, त्यांतल्या कुणालाच पुढचं ठाऊक नव्हतं. मी नमस्कार केला आणि खाली उतरले. टाळ्या पुष्कळ झाल्या. प्रोफेसर बाईनं मला मिठी मारली. मला वाटत होतं, कुठेतरी जाऊन तोंड लपवावं.

परतताना शरयूताईंना घरी सोडलं. उतरताना त्या म्हणाल्या, ‘मावशी, तब्येतीला जपा.’ एवढंच. मग त्यांनी माझा हात जरा वेळ धरून ठेवला.

आमच्या दारात गाडी आली तरी संजीव उतरला नाही. प्रतिमा आत गेली. मी मागे बसले होते.

तो म्हणाला, ‘एक्क्याऐंशी?’

मी म्हटलं, ‘हो.’

‘मला सत्तरच्या आसपास वाटत होते.’

काचेवर बर्फ साचत होतं. त्यानं वायपर लावले नाहीत.

‘तू सबंध बोलली असतीस तर मी उठून जाणार होतो,’ तो म्हणाला. ‘खरंच. गाडीची किल्ली हातात घेऊन बसलो होतो. पण तू अडकलीस. तुझी नजर त्या पोराच्या हातांकडे गेली, तेव्हा मला कळलं तू कुणाला शोधतेयस.’

तोच पुढे म्हणाला, ‘तिकिटाचं आत्ता नाही जमणार, आई. मला नाही जमणार.’ आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मी मागून हात लांब करून त्याच्या पाठीवर ठेवला. कोट इतका जाड होता, की त्याला लागला की नाही कुणास ठाऊक.

दिगंबर, या पत्रातलं काही गाळू नकोस.

सुलभा

५ मार्च १९८३, शनिवार संध्याकाळ

तुमच्याकडे आत्ता रविवारची सकाळ आहे. घडलं ते तुम्हाला माहीत आहे, तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवते. तुमच्या बाजूला काय झालं ते मला कळायला पुन्हा दोन आठवडे लागतील.

मंगळवारी संजीवनं मला न विचारता दिगंबरला तार केली, की डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या फोनवर रविवारी सकाळी काकांना आणा. तुम्हाला खुर्चीत बसवून, रस्ता ओलांडून नेलं असेल. कुणी कुणी उचललं? थंडी होती का? अंगावर काही घातलं होतं का?

संजीव तासभर नंबर फिरवत होता. कधी एंगेज, कधी नुसती खरखर. मी स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन फोनच्या जवळ बसले होते. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. अचानक लागला. दिगंबरचा आवाज, विहिरीतून आल्यासारखा: ‘काकू, आणलंय काकांना. कानाला लावतो.’

संजीवनं रिसीव्हर माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. मला माहीत होतं, लाइन फार वेळ टिकणार नाही. एकालाच मिळेल. मी मान हलवली आणि त्याच्याकडे बोट केलं.

त्यानं रिसीव्हर कानाला लावला. म्हणाला, ‘मी संजीव.’

त्यानं तुम्हाला कुठलीच हाक मारली नाही. लहानपणी ‘नाना’ म्हणायचा, ते तोंडात आलं नसेल. थोडा थांबला. तुम्ही उत्तर देऊ शकत नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी थांबला.

मग म्हणाला, ‘इथे बर्फ पडतोय. मार्चमध्येसुद्धा पडतो. सकाळी ड्राइव्हवे साफ करावा लागतो, नाहीतर गाडी निघत नाही. माझी नोकरी गेलीय सध्या. मिळेल. दीपा कॉलेजात ज्युनिअर इयरला, तिसऱ्या वर्षाला आहे. नाटकं करते. आई बरी आहे. इथेच आहे, शेजारी.’

बर्फ, गाडी, नोकरी. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं आणि थांबायचंही नव्हतं. मी इतक्या जवळ होते, की रिसीव्हरमधली खरखर मला ऐकू येत होती. ‘मी रोज पोस्टमनच्या मागे जायचो,’ असं तो म्हणाला आणि लाइन तुटली.

मी विचारलं, ‘काही ऐकू आलं?’

‘श्वास,’ तो म्हणाला. ‘श्वास येत होता. नाहीतर लाइनचा आवाज असेल. सांगता येत नाही.’

त्यानं पुन्हा फिरवायला घेतला. मी म्हटलं, ‘अरे, त्यांना घरी नेलं असेल आता, दमतील.’

‘नेलं नसेल तर?’ तो म्हणाला.

मी हे लिहिते आहे आणि तो भिंतीला टेकून नंबर फिरवतो आहे. प्रतिमानं पानं वाढली आहेत, आमटी गार होते आहे. प्रत्येक वेळी शेवटच्या आकड्यापर्यंत जातो, ऐकतो, ठेवतो, परत पहिल्यापासून.

सुलभा